डिस्कवरच्या फाइलींची छापील यादी: वाचकांचे प्रश्न

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच वापरा.)

प्रश्न: हार्ड डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची यादी कागदावर हवी आहे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘प्रिंट’ कुठेच सापडत नाही. काय करावं?

फोल्डरची यादी छापायची सोय एक्सप्लोररमध्ये नाहीच, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवू नका. यादी आधी मजकुराच्या रूपात आणायची आणि मग छापायची.

एकाच फोल्डरपुरतं काम असेल तर कंट्रोल-ए दाबून सगळ्या फाइली निवडा, शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक करा, ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मात्र यात आतल्या फोल्डरांमधल्या फाइली येत नाहीत.

पूर्ण डिस्कसाठी फाइलींची यादी दाखवणारी जुनी डीआयआर कमांड अजूनही सगळ्यात भरवशाची. डिस्क उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी त्याच जागी उघडेल. तिथे लिहा:

डीआयआर /एस /बी /ए:-डी > "%यूजरप्रोफाइल%\यादी.टीएक्सटी"

‘/एस’ म्हणजे आतले सगळे फोल्डर, ‘/बी’ म्हणजे फक्त नावं, ‘/ए:-डी’ म्हणजे फोल्डर वगळून सगळ्या फाइली, लपवलेल्यासुद्धा. यादी मुद्दाम तुमच्या यूजर फोल्डरमध्ये पाठवली आहे. ती डिस्कवरच ठेवली तर यादीत यादीचंच नाव येतं, आणि सीडी असेल तर तिच्यावर लिहिताच येत नाही.

प्रश्न: तसंच केलं, पण मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. फाइली खराब झाल्या का?

फाइली शाबूत आहेत, काळजी करू नका. काळी खिडकी मूळच्या सेटिंगमध्ये ज्या अक्षरसंचात मजकूर लिहिते, त्यात देवनागरी नाही. म्हणून प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी ती प्रश्नचिन्ह टाकते. ‘हिशेब’ नावाची फाइल ‘?????’ अशी दिसते. ह, वेलांटी, श, एकार आणि ब मोजून बघितलंत तर चिन्हंही तितकीच भरतील.

उपाय एका ओळीचा. यादीच्या कमांडआधी ‘सीएचसीपी ६५००१’ टाइप करून एंटर दाबा, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ या देवनागरी सामावणाऱ्या अक्षरसंचात जाईल. त्यानंतरही त्या खिडकीत मराठी अक्षरं चौकोनी किंवा तुटक दिसू शकतात. तिकडे लक्ष देऊ नका, तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रश्नचिन्हं आलेली जुनी यादी मात्र टाकूनच द्या. त्या चिन्हांमधून मूळ नाव परत मिळवता येत नाही.

प्रश्न: नाव, आकार, तारीख असे वेगळे रकाने हवेत. एक्सेलमध्ये थेट आणता येतात का?

येतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. एक्सेल २०१६ किंवा त्यापुढचं असेल तर ‘डेटा’ टॅबमध्ये ‘गेट डेटा’, ‘फ्रॉम फाइल’, ‘फ्रॉम फोल्डर’ असं जा आणि फोल्डर निवडा. मराठी नावं नीट येतात, आतले फोल्डरही धरले जातात.

लगेच ‘लोड’ न करता ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ घ्या. ‘कंटेंट’ हा रकाना काढून टाका. फाइलचा आकार ‘ॲट्रिब्यूट्स’ रकान्यात दडलेला असतो; त्याच्या डोक्यावरच्या दोन बाणांवर क्लिक करून ‘साइज’वर खूण करा. आकडा बाइट्समध्ये येतो. मग ‘क्लोज अँड लोड’.

दोन गोष्टी सांभाळा. पूर्ण ड्राइव्ह निवडलात तर ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’सारख्या बंद फोल्डरवर काम अडू शकतं, तेव्हा आतले मुख्य फोल्डर एकेक करून घ्या. आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. डिस्क अवाढव्य असेल तर यादी तुकड्यांत करावी लागेल.

प्रश्न: छापायला गेलो तर शेकडो पानं होत आहेत. कमी कशी करू?

आधी ठरवा, कागदावर काय शोधणार आहात? फोटोंच्या फोल्डरमध्ये ‘आयएमजी_४०३२’ अशी हजारो नावं असतील तर ती छापून कुणालाच काही कळणार नाही. तिथे फोल्डरचं नाव आणि आत किती फाइली आहेत एवढं पुरे. वरच्या एक्सेल यादीवर पिव्हट टेबल (एक्सेलचा गोषवारा तक्ता) घ्या, ‘फोल्डर पाथ’ हा रकाना ‘रोज़’ (ओळी) या चौकटीत आणि ‘नेम’ हा ‘व्हॅल्यूज’च्या चौकटीत टाका. प्रत्येक फोल्डरसमोर फाइलींची संख्या येते आणि शेकडो पानांचं काम मोजक्या पानांत उरकतं. कागदपत्रं, हस्तलिखितं, ध्वनिमुद्रणं यांची नावं मात्र पूर्ण छापा, तिथे काटकसर नको.

छापताना पान आडवं ठेवा, ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ निवडा, आणि ‘प्रिंट टायटल्स’मध्ये पहिली ओळ प्रत्येक पानावर येईल असं करा.

प्रश्न: यादीत १ नंतर १० आणि मग २ असा क्रम येतो.

डीआयआर आकड्यांनाही अक्षरांसारखंच लावते. नावं ०१, ०२ अशी ठेवलीत की क्रम सरळ येईल.

प्रश्न: मॅकवर काय करायचं?

फाइंडरमध्ये सगळं निवडून कमांड-सी दाबा. टेक्स्टएडिटमध्ये ‘मेक प्लेन टेक्स्ट’ करून पेस्ट केलंत की नावं येतात. आतल्या फोल्डरांसाठी टर्मिनलमध्ये (मॅकवरची कमांड लिहायची खिडकी) त्या फोल्डरपर्यंत जाऊन ‘फाइंड . -टाइप एफ > ~/यादी.टीएक्सटी’ लिहा.

प्रश्न: पुष्कळ जुन्या सीडी, डीव्हीडी आणि दोन-तीन हार्ड डिस्क आहेत. कोणती फाइल कशावर आहे हे एका यादीत कसं कळेल?

हे काम आवर्जून करा, आणि डिस्क वाचल्या जात आहेत तोवर करा.

पहिलं म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका. आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या ‘एफ’ होते, त्यामुळे ‘ई:\फोटो’ एवढ्यावरून ती कोणती डिस्क हे कधीच कळणार नाही. प्रत्येक डिस्कला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. हार्ड डिस्कला तोच क्रमांक ‘रीनेम’ करून लेबल म्हणूनही देता येतो. डिस्क एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट केलेली असेल तर लेबलला ३२ अक्षरांची मुभा आहे, एक्सफॅट प्रकारात ११. लिहून झालेल्या सीडीचं लेबल बदलत नाही, तिथे क्रमांक हाताने लिहा, पण बॉलपेनने नको. सीडीचा डेटाचा थर लेबलच्या बाजूला अगदी वरवर असतो, टोकदार दाबाने त्याला इजा होते. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर घ्या.

मग सगळ्या याद्या एकाच शीटमध्ये एकाखाली एक जोडा आणि डाव्या हाताला ‘डिस्क क्रमांक’ असा रकाना वाढवा. ‘/बी’ न लावता डीआयआर चालवली तर सगळ्यात वर लेबल आणि व्हॉल्यूमचा सीरियल नंबर दिसतो: चार अक्षर-आकडे, मधे आडवी रेघ, पुन्हा चार. तोही नोंदवा. दोन डिस्कची लेबलं सारखी निघाली तर ओळख त्यावरूनच पटते. फॉरमॅट केल्यावर मात्र हा नंबर बदलतो. यादी केल्याची तारीख पानाच्या माथ्यावर हवीच.

प्रश्न: यादीत नाव आहे म्हणजे फाइल सुखरूप आहे असं धरायचं का?

नाही. नावं डिस्कच्या एका भागात नोंदलेली असतात आणि आतला मजकूर दुसरीकडे असतो. मजकुराची जागा वाचता येईनाशी झाली तरी यादीत नाव ठळकपणे येतं.

खात्रीसाठी फाइल पूर्ण वाचली गेली पाहिजे. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ आणि पुढे फाइलचं नाव व ‘एसएचए२५६’ लिहिलंत की ६४ अक्षरांची खूण मिळते. मजकूर तसाच असेल तर काही वर्षांनीही तीच खूण येईल, आणि वाचता आली नाही तर तिथेच त्रुटीचा संदेश दिसेल. या खुणा कागदावर छापू नका, कारण ६४ अक्षरं नजरेने ताडून पाहणं कठीण. त्या एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तुलना संगणकाला करू द्या.