2023 चा राइझिंग स्टार पुरस्कार हॅरी शीझलला देणे योग्य होते का?

आपण विचारले आहे की, विल ॲशक्रॉफ्टने 2024 आणि 2025 अशा सलग दोन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक जिंकून दाखवल्यानंतर, 2023 मध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा सर्वोत्तम नवोदित हा मान हॅरी शीझलला देण्यात निवड समितीची चूक झाली असे म्हणावे का. माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. ॲशक्रॉफ्टच्या खेळाविषयी मला अतिशय आदर आहे आणि तरीही मी हे म्हणतो.

आधी नियम पाहू. राइझिंग स्टार पुरस्कार 1993 पासून दिला जातो आणि त्याचा पहिला मानकरी नेथन बकली होता. त्या वर्षीच्या 1 जानेवारीला ज्याचे वय 21 पेक्षा कमी आहे आणि मोसम सुरू होण्यापूर्वी ज्याने वरिष्ठ पातळीवर दहापेक्षा जास्त सामने खेळलेले नाहीत, तोच पात्र ठरतो. दर फेरीतून एकाला नामांकन मिळते आणि मोसमाच्या शेवटी निवड समितीचा प्रत्येक सदस्य आपल्या पसंतीच्या पाच जणांना 5, 4, 3, 2, 1 असे गुण देतो. याचा अर्थ, हा पुरस्कार एका विशिष्ट मोसमातील कामगिरीचा आहे; पुढील दहा वर्षांत कोण मोठा होईल याचे भाकीत समितीकडून अपेक्षित नाही. आपल्या प्रश्नाचा अर्धा गुंता येथेच सुटतो.

शीझल आणि ॲशक्रॉफ्ट हे दोघेही मेलबर्नच्या सँडरिंगहॅम ड्रॅगन्स या युवा संघातून पुढे आले. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, दुसऱ्या क्रमांकावर नॉर्थ मेलबर्नने ॲशक्रॉफ्टवर बोली लावली होती. परंतु त्याचे वडील मार्कस ॲशक्रॉफ्ट हे ब्रिस्बेन लायन्सच्या 2001, 2002 आणि 2003 च्या तिन्ही विजेत्या संघांत खेळलेले असल्यामुळे पिता-पुत्र नियमानुसार, म्हणजे माजी खेळाडूच्या मुलावर त्याच्या क्लबला अग्रहक्क देणाऱ्या नियमानुसार, ब्रिस्बेनने ती बोली जुळवून त्याला आपल्याकडे घेतले. नॉर्थने मग तिसऱ्या क्रमांकावर शीझलची निवड केली. त्यामुळे या दोघांची तुलना पहिल्या दिवसापासूनच होत आली आहे.

पदार्पणाच्या सामन्यात वेस्ट कोस्टविरुद्ध शीझलने किक आणि हँडबॉल (मुठीने मारलेला पास) मिळून 34 वेळा चेंडू खेळवला आणि नॉर्थने तो सामना थोडक्यात जिंकला. येथे अनेक जाणकार एक आक्षेप घेतात व तो विचारात घेण्यासारखा आहे. कुमार गटात आघाडीला खेळणाऱ्या शीझलला नॉर्थने हाफ-बॅकला, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या रांगेत खेळवले. हरणाऱ्या संघात चेंडू सतत आपल्याच बचावाकडे येत असतो आणि तेथे मोकळ्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे आडवे, सोपे पास देण्यास प्रतिस्पर्धी फारसा विरोध करत नाहीत. क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पसरलेले असताना मिळणाऱ्या एकेरी धावांसारखे हे आकडे आहेत, असे या टीकाकारांचे म्हणणे असते.

हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. शीझलचे काही डिस्पोजल (किक व हँडबॉल) खरोखरच बिनविरोध होते. परंतु मी मेलबर्नमध्ये राहतो आणि त्या मोसमात नॉर्थचे सामने डॉकलंड्सच्या मैदानावर बसून पाहत असे. टीव्हीवर चेंडूच्या मागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यात न दिसणारी एक गोष्ट तेथे दिसते. चेंडू हातात आल्यावर शीझल लगेच किक मारत नसे. तो दोन पावले तिरका चालत जाई, समोरचा खेळाडू आपली जागा सोडून त्याच्या अंगावर धावून येईपर्यंत थांबे, आणि नेमक्या त्या रिकाम्या झालेल्या जागेत मैदानाच्या मध्याकडे पास टाकी. अशी किक चुकली तर थेट गोल बसतो. म्हणून दडपणाखालचे बहुतेक नवोदित चेंडू सीमारेषेच्या दिशेने लांब टोलवून मोकळे होतात. अठरा वर्षांच्या मुलाने ही जोखीम वारंवार पत्करावी आणि बहुतेक वेळा निभावून न्यावी, याला सोपे आकडे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. पहिले दोन सामने जिंकल्यानंतर नॉर्थने सलग 20 सामने गमावले, मुख्य प्रशिक्षक ॲलेस्टर क्लार्कसन मे महिन्यात काही काळ रजेवर गेले आणि संघ सतराव्या स्थानावर राहिला. एवढ्या पडझडीत शीझलच्या खेळाचा दर्जा मात्र मोसमभर फारसा खाली आला नाही. नॉर्थच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे सिड बार्कर पदकही त्याने पदार्पणाच्याच वर्षी, संघातील सर्व अनुभवी खेळाडूंना मागे टाकून मिळवले, यावरून त्याच्या संघाने त्याचे मोल काय केले ते कळते.

ॲशक्रॉफ्टची बाजू निश्चितच भक्कम आहे. तो मिडफिल्डमध्ये खेळला, जेथे प्रत्येक चेंडू झटापटीतून काढावा लागतो, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघात त्याने ती जागा कमावली. प्रति सामना दर्जाचाच विचार केला, तर मी त्याला शीझलच्या बरोबरीने, कदाचित किंचित वरही ठेवीन. परंतु जुलैमध्ये जिलाँगविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे एसीएल लिगामेंट तुटले आणि 18 सामन्यांवर त्याचा मोसम संपला. दुखापत हा त्याचा दोष नव्हे, हे खरेच. तथापि जो खेळ मैदानावर झालाच नाही त्याला गुण देता येत नाहीत, आणि संघ थकलेले असतात ते शेवटचे आठवडेच नवोदितांची खरी कसोटी पाहतात.

नंतरच्या यशावरून मागचा निकाल तपासण्याची सवय या पुरस्काराला जुनीच आहे. 2014 मध्ये ब्रिस्बेनच्या लुईस टेलरने वेस्टर्न बुलडॉग्जच्या मार्कस बॉन्टेम्पेलीला अवघ्या एका गुणाने मागे टाकले. पुढे बॉन्टेम्पेली 2016 च्या विजेत्या संघात खेळला, कर्णधार झाला, त्याच्या पिढीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला जाऊ लागला. टेलरची कारकीर्द त्या मानाने लहान राहिली. त्यावरून आजही समितीला दोष दिला जातो. मला तो निकाल जितका अटीतटीचा वाटतो तितका चुकीचा वाटत नाही, कारण टेलर त्या वर्षी पहिल्या फेरीपासून खेळत होता आणि बॉन्टेम्पेलीने पदार्पण त्यानंतर केले.

माझ्याकडे 2023 चे मत असते, तर शीझलला 5 आणि ॲशक्रॉफ्टला 4 गुण दिले असते. तिसरा क्रमांक फ्रीमँटलच्या जाय एमिसला, कारण कोवळ्या वयात प्रमुख आघाडीवीराची जागा सांभाळणे हे या खेळातील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. चौथा ॲडलेडच्या मॅक्स मिकॅलनीला. प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळूच न देणाऱ्या बचावपटूचे काम आकडेवारीत उतरत नाही, आणि माझ्या मते त्याला त्या वर्षी मिळायला हवे होते तेवढे श्रेय मिळाले नाही.