वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ संघाचा सहायक जलतरण प्रशिक्षक

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यातील एका छोट्या महाविद्यालयात व्यायामशास्त्र शिकतो आणि तेथील जलतरण संघातून पोहतो. येत्या मे महिन्यात त्याची पदवी पूर्ण होईल. त्यानंतर एखाद्या विद्यापीठाच्या संघात सहायक प्रशिक्षक व्हायचे, असे त्याने आता ठरवले आहे. त्याचे बाबा म्हणतात, पोहायलाच शिकवायचे होते तर सांगलीत काय पाण्याचा तुटवडा होता? ही खरोखर पोटापाण्याची नोकरी आहे का, तीत पुढे वाव आहे का आणि होकार देण्यापूर्वी आम्ही त्याला काय विचारावे? — एक आई, सांगली

उत्तर : नोकरी खरी आहे, परंतु तीत पोहायला शिकवण्याचे काम जवळजवळ नाही. विद्यापीठाच्या संघात येणारी मुले दहा-बारा वर्षे पोहून आलेली असतात. सहायकाला त्यांच्या वेळेतले अर्ध्या-पाऊण सेकंदाचे अंतर शोधायचे असते. मी स्वतः आठ वर्षे तिकडच्या दोन विद्यापीठांत हे काम करून पुण्याला परतलो आहे, त्यामुळे पुढचे लिहिणे काहीसे आपबीती आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

आपल्याकडे महाविद्यालयात जिमखाना असतो आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ एकटे शारीरिक शिक्षण संचालक सांभाळतात. अमेरिकेत तसे नाही. तेथे एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेखाली तीन विभाग आहेत आणि प्रत्येक संघाचा स्वतःचा मुख्य प्रशिक्षक व त्याच्या हाताखाली सहायक असतात. ज्या तिसऱ्या विभागात बहुतेक छोटी महाविद्यालये येतात, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पहिल्या विभागात देता येते, आणि पैसा, दडपण व नोकरीची अनिश्चितता यांचाही वरचा मजला तोच.

सकाळ कशी जाते, ते सांगतो. साडेपाचला सराव सुरू व्हायचा असेल, तर सहायक पाचला तलावावर हजर असतो. पाण्यावरचे आच्छादन गुंडाळायचे, लेनच्या दोऱ्या ताणायच्या, पांढऱ्या फळ्यावर त्या दिवसाचा सेट, म्हणजे सरावाचा क्रम, लिहायचा. एकदा मुले पाण्यात उतरली की मुख्य प्रशिक्षक साऱ्या संघावर नजर ठेवतो आणि सहायकाकडे त्याचा गट असतो : कधी कमी अंतराच्या वेगवान शर्यतींचा, कधी लांब पल्ल्याचा, कधी फक्त ब्रेस्टस्ट्रोकचा. हातात स्टॉपवॉच, काखेत टॅब्लेट. मुलगी भिंतीशी वळते, त्या क्षणाचे चित्रण करून तिला काठावरच दाखवायचे, की पाय भिंतीला लागले तेव्हा गुडघे फार दुमडले होते आणि म्हणून ढकल कमी पडली. हे वाक्य तिला पटेल अशा शब्दांत, इतर चौदा जण पोहत असताना, वीस सेकंदांत सांगता येणे हेच या धंद्यातले खरे कसब आहे, असे माझे मत आहे.

वळणाला इतके महत्त्व का, हे भारतीय पालकांच्या चटकन लक्षात येत नाही. तेथील विद्यापीठांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटर लांबीच्या तलावात होतात. १०० यार्डांच्या शर्यतीत तीन वळणे येतात, तर आपल्या ५० मीटरच्या तलावातील १०० मीटरच्या शर्यतीत एकच. ब्रेस्टस्ट्रोक सोडला तर प्रत्येक भिंतीनंतर पाण्याखालून १५ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते, त्यामुळे निम्म्याहून अधिक शर्यत पाण्याखाली काढणारे जलतरणपटू तेथे नवलाचे नाहीत. तुमच्या मुलाने चार वर्षे हेच केले असेल, आणि ते त्याचे भांडवल आहे.

सरावाचे तास मात्र मोजून मिळतात. पहिल्या विभागात हंगाम चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. सहायकाच्या तासांना अशी मर्यादा नाही. श्रम खात्याच्या नियमानुसार ज्या प्रशिक्षकाचे मुख्य काम खेळाडूंना शिकवणे आहे, त्याला शिक्षकाच्या वर्गात धरतात, त्यामुळे जादा तासांचे पैसेही मिळत नाहीत. उरलेला दिवस जातो कोठे? मुख्यतः नव्या खेळाडूंच्या शोधात. शाळकरी जलतरणपटूंच्या वेळा चाळायच्या, परदेशी मुलाने मीटरमध्ये कळवलेली वेळ यार्डात उतरवून पाहायची (मोठ्या तलावात १०० मीटर फ्रीस्टाइल ५२ सेकंदांत पोहणारा मुलगा १०० यार्ड साधारण ४६ सेकंदांच्या आसपास पोहेल, असा अंदाज बांधतात), आणि नियमाने संपर्काची मुभा मिळाली की फोन सुरू. पहिल्या विभागात ही मुभा शाळेचे दहावे वर्ष संपल्यावर १५ जूनपासून मिळते. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी आणि त्यांच्या आयांशी इतका बोललो आहे, की रात्री घरी मराठी बोलतानाही आवाज विक्रेत्याचा येई. ज्याला हा भाग नकोसा वाटतो, त्याने या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

पगाराचे म्हणाल, तर सुरुवात तुटपुंजी असते. २०२३ च्या मध्यापर्यंत पहिल्या विभागात बिनपगारी ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ नावाचे अधिकृत पदच होते. माझे पहिले वर्ष त्यातच गेले आणि पोट भरले ते उन्हाळी शिबिरांवर व खासगी शिकवण्यांवर. ते पद १ जुलै २०२३ पासून बंद झाले आणि पगारी प्रशिक्षकांची मर्यादा वाढली. अर्थात मर्यादा वाढली म्हणून तिजोरी उघडते असे नाही, आणि अर्धवेळ पदे आजही पुष्कळ आहेत.

पुढे वाव आहे. टॉड डिसोर्बो हे २०११ ते २०१७ या काळात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात दुसऱ्याच्या हाताखाली होते. तेथून ते व्हर्जिनिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, त्यांच्या महिला संघाने २०२१ ते २०२५ सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाची धुरा त्यांच्याकडे आली. परंतु अशा एका डिसोर्बोमागे किती सहायक दहा वर्षांनी हा धंदा सोडून शाळेत शिक्षक होतात, ते मी जवळून पाहिले आहे.

सर्वांत मोठा धोका पगाराचा नाही, मुख्य प्रशिक्षकाचा आहे. तो गेला की नवा माणूस बहुधा आपली माणसे घेऊन येतो. माझे असेच झाले : एप्रिलमधल्या एका दुपारी बैठक झाली आणि जूनअखेर मी घर रिकामे केले. शिवाय संघच बंद होण्याचे भय असते. ज्या आयोवा विद्यापीठात १९३० च्या दशकात डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी बटरफ्लाय शैलीला आकार दिला, त्याच विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये जलतरणाचे दोन्ही संघ बंद करण्याची घोषणा केली. महिलांचा संघ न्यायालयीन लढ्यानंतर वाचला, पुरुषांचा गेला. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. तो पैसा मुख्यतः अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळणार, हे उघड आहे, आणि जलतरणासारख्या उत्पन्न न देणाऱ्या खेळांची ओढाताण होणार.

व्हिसाचा प्रश्न वेगळा. पदवीनंतर बारा महिने आपल्या विषयाशी संबंधित काम करता येते आणि व्यायामशास्त्राच्या पदवीधराला हे काम त्यात बसवता येईल. त्यानंतर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागेल. विद्यापीठांना त्याच्या वार्षिक मर्यादेतून सूट असल्यामुळे सोडतीची वाट पाहावी लागत नाही. अडचण अशी, की या पदासाठी विशिष्ट विषयाचीच पदवी लागते, हे सिद्ध करावे लागते, आणि प्रशिक्षकाच्या बाबतीत ते जड जाते. तेव्हा मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात : विद्यापीठ एच-१बीसाठी अर्ज करणार असल्याचे लेखी देते का, मुख्य प्रशिक्षकाच्या कराराची किती वर्षे उरली आहेत, आणि त्याला स्वतःचा गट मिळणार की नुसते तक्ते भरायला बसवणार. तिसऱ्याचे उत्तर गोलमोल आले, तर पगार चांगला असला तरी मी ती जागा घेणार नाही. त्याच्या बाबांना एवढेच सांगावे, की पाणी सांगलीत भरपूर आहे; हे पद मात्र नाही.

प्रश्न : मी राज्य स्पर्धेपर्यंत पोहले, राष्ट्रीय पदक नाही. बी.पी.एड. झाल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा करून अशा पदासाठी अर्ज केला, तर माझा विचार होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पदक नसल्याने फारसे अडत नाही. मायकेल फेल्प्सला घडवणारे बॉब बोमन स्वतः विद्यापीठ संघातून पोहले, ऑलिंपिकला मात्र खेळाडू म्हणून कधीच गेले नाहीत. पतियाळाचा अभ्यासक्रम चांगला आहे, पण तिकडच्या मुख्य प्रशिक्षकाने त्याचे नाव ऐकलेले नसण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे थेट पदासाठी अर्ज करण्यापेक्षा तेथे पदव्युत्तर प्रवेश घेऊन ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता संघात काम करणारा सहायक, म्हणून शिरावे. त्यात शुल्कात पूर्ण किंवा अंशतः सूट आणि थोडे विद्यावेतन मिळते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. अर्ज नुसता क्रीडा विभागाकडे न पाठवता मुख्य प्रशिक्षकाला स्वतंत्र पत्र लिहावे, आणि सोबत तुम्ही तलावाच्या काठावर एखाद्या मुलाची चूक दुरुस्त करत आहात, असे दोन मिनिटांचे चित्रण जोडावे. मला आलेल्या अर्जांत प्रमाणपत्रांचे गठ्ठे असत. असे चित्रण आठ वर्षांत दोनदाच आले, आणि त्या दोघांनाही आम्ही मुलाखतीला बोलावले.