जुना पाम झायर 1200 रुपयांना मिळतोय, घ्यावा का? ज्यांनी वापरलाय त्यांचं मत काय?

तुमचं म्हणणं असं की फोन हातात घेतला की तास कुठे जातो कळत नाही, म्हणून नुसते पत्ते, तारखा आणि कामांची यादी ठेवायला पाम कंपनीचं हे खिशात मावणारं जुनं डायरी-यंत्र घ्यावंसं वाटतंय. मी 2003 पासून जवळजवळ पाच वर्षं तो रोज वापरला. इंदूरला विम्याची कामं करते, म्हणजे तारखांवरच पोट आहे. माझं मत त्या हिशेबानं घ्या.

झायर आला 2002 च्या ऑक्टोबरात, 99 डॉलरला. इतक्या कमी किमतीला बाजारात आलेलं पामचं असं यंत्र तोवर नव्हतं. माझा आतेभावानं न्यू जर्सीहून आणला. पांढरं प्लॅस्टिक, वर झाकण, खाली दोनच बटणं: एक तारखांचं, एक पत्त्यांचं. मेमरी 2 एमबी, प्रोसेसर 16 मेगाहर्ट्झचा, पडदा 160 बाय 160 ठिपक्यांचा, रंग नाही. आजच्या फोननं काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण त्याला बटण दाबलं की त्याच क्षणी आजचा दिवस समोर. पासवर्ड नाही, नोटिफिकेशन नाही, "अपडेट करा" नाही. तुम्हाला हवंय ते हेच असेल, तर ते त्यात शंभर टक्के आहे.

माझ्या कामाला त्यातली एकच गोष्ट सोन्याची होती. हप्ता तिमाही असो, सहामाही असो की वार्षिक, तारीख एकदा टाकायची आणि "दर तीन महिन्यांनी" सांगून मोकळं व्हायचं. त्याआधी माझ्याकडे साधी बटणांची डिजिटल डायरी होती, तिच्यात दर वेळी पुन्हा टाकत बसावं लागे. मात्र झायरला आपली तिथी कळत नाही. सासूबाईंचं श्राद्ध भाद्रपदात, ते दर वर्षी कालनिर्णयात बघून हातानं टाकायचं. शिवाय पाम ओएस, म्हणजे त्यातली मूळ प्रणाली, तिचं कॅलेंडर 2031 च्या डिसेंबरला संपतं, त्यापुढे जातच नाही. मी 2004 साली एका शिक्षकांना तीस वर्षांची पॉलिसी दिली आणि मॅच्युरिटीची तारीख टाकायला गेले, तर वर्ष 2031 वरच अडलं. शेवटी त्यांच्या नावापुढे नोटमध्ये लिहून ठेवलं. तुम्ही आज घेणार, म्हणजे हे तुमच्या अगदी जवळ आलंय.

लिहायचं प्लॅस्टिकच्या काडीनं, ग्राफिटी नावाच्या पामच्या खास अक्षरांत. पडद्याखालच्या चौकटीत डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे, एका अक्षराला सहसा एकच रेघ. ए म्हणजे घराचं छप्पर, आडवी दांडी नाही. टी म्हणजे आडवी रेघ आणि उजव्या टोकाला खाली वळण. जागा सोडायची तर डावीकडून उजवीकडे रेघ, खोडायचं तर उलटी. चार दिवसांत हात बसतो, आणि मग असा बसतो की मी एकदा प्रस्तावाच्या फॉर्मवर ग्राहकाच्या आडनावात चक्क छपराचे ए काढले आणि फॉर्म परत आला! देवनागरी मात्र त्यात नव्हती. सगळे जोशी, मुजुमदार, होळकर इंग्रजी अक्षरांत. त्या चौकटीवर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर वर्षभरात ओरखडे पडतात.

आता त्याची खरी अडचण. झायरच्या पडद्यामागे दिवा नाही. दुपारी उन्हात तो फोनपेक्षा छान दिसतो, स्कूटर सावलीत लावून मी कितीदा पत्ता बघितलाय. पण माझे निम्मे ग्राहक व्यापारी, दुकान वाढवल्याशिवाय ते बोलायला मोकळे होत नाहीत. एकदा रात्री दहाच्या पुढे एका शेठजींनी सराफ्यात बोलावलं. सोन्याचांदीची दुकानं बंद, त्यांच्या ओट्यांसमोर भुट्ट्याच्या किसाची आणि जलेबीची दुकानं लागलेली, चहूकडे गर्दी. "भिया, मेरी किस्त कब की है?" त्यांनी विचारलं. (इंदुरात बाईलासुद्धा कधीकधी भिया म्हणतात, मनावर घ्यायचं नसतं.) मी झायर काढला, तिरपा केला, उभा केला, काही दिसेना. शेवटी जलेबीवाल्याच्या कढईवर बल्ब लटकत होता, त्याच्याखाली जाऊन उभी राहिले. तारीख दिसली, पण झाकणावर पाकाचा एक थेंब पडला तो पडलाच. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगही भरपूर असायचं, मग घरी मेणबत्तीशी हाच खेळ.

दुसरी गोष्ट याहून मोठी. त्यातली माहिती साध्या रॅममध्ये असते. बॅटरी पूर्ण उतरली की सगळं जातं, सॉफ्टवेअर तेवढं राहतं. म्हणून कॉम्प्युटरला जोडून हॉटसिंक करत राहायचं असतं, म्हणजे माहितीची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवायची. मला हे ठाऊक होतं, पुस्तिकेतही होतं, तरी मी मे महिन्यात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले आणि झायर चार्जरशिवाय कपाटात. महिन्यानं परत येऊन चार्ज केला तर नव्या कोऱ्यासारखा, "वेलकम" म्हणतोय आणि पडद्यावरच्या खुणेवर काडी टेकवा म्हणतोय. शेवटचं हॉटसिंक होळीचं. होळी ते मे, म्हणजे मार्चअखेरची सगळी गडबड गायब. तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं. मी फोनवर बोलताना जे मोठ्यानं म्हणायचे, "हो, सतरा तारखेला येते", ते ते या माणसानं चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी माझे ग्राहक. त्यावरून दोन रात्री बसून पुन्हा सगळं भरलं. पुढे मी दर शनिवारी हॉटसिंक करायचे आणि सासरे तरीही लिहायचेच.

तुमच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते 1200 ला घेऊ नका. बॅटरी आतच बसवलेली, बदलायची सोय वापरणाऱ्याला दिलेली नाही, आणि ती आता वीस वर्षांच्या वर झाली. दुसरं, ज्या हॉटसिंकवर तुमची माहिती जगणार, त्याचंच अवघड आहे. 64 बिट विंडोजसाठी पामनं यूएसबीचा ड्रायव्हर काढलाच नाही आणि या झायरमध्ये ब्लूटूथ नाही. जुना 32 बिटचा कॉम्प्युटर घरात असेल किंवा लिनक्सवर जे-पायलट हा पामशी जुळवून घेणारा प्रोग्रॅम चालवायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. पामचंच काही हवं असेल तर 2000 सालचा एम 100 बघा, तो दोन ट्रिपल ए सेलवर चालतो. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि पडद्यामागे दिवाही आहे. फक्त सेल बदलताना फार वेळ लावायचा नाही, नाहीतर त्यातलीही माहिती जाते.

आणि झायरच घ्यायचा असं मनात पक्कं असेल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सांगा, पूर्ण चार्ज कर, एक पत्ता भर, चार्जर काढ आणि दोन दिवसांनी तोच पत्ता उघडून व्हिडिओ पाठव. पत्ता जागेवर असला तर 500 ला मागा.