ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून गेला, पण त्याचं डॉक्युमेंटेशन राहिलं. ते उडवावं का?

हो, बिनधास्त उडवा. पण आधी ड्रायव्हर खरंच गेलाय ना, ते सोर्समध्ये बघा. कार्ड जुनं आहे एवढ्यावर फाइल काढू नका; कोड आहे तोवर कागदही हवा. लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत, २०१२ साली, टोकन रिंग या जुन्या नेटवर्क तंत्राचे ड्रायव्हर काढले. तुमचा ड्रायव्हरही असाच गेला असेल तर माहिती ठेवून फक्त गोंधळ होतो. कुणीतरी ती वाचून मॉड्यूलचे (ड्रायव्हरच्या लोड होणाऱ्या भागाचे) पॅरामीटर शोधत बसतो, आणि मॉड्यूलच नसतं.

नुसती फाइल डिलीट करून भागत नाही. तिचे धागे चार ठिकाणी अडकलेले असतात. त्या फोल्डरच्या इंडेक्स फाइलमधली ओळ काढा, नाहीतर स्फिंक्स (डॉक्युमेंटेशन तयार करणारं साधन) बिल्डच्या वेळी वॉर्निंग देतो. केकॉन्फिगच्या (कर्नलचे पर्याय निवडायच्या फाइलींच्या) मदत-मजकुरात 'अधिक माहितीसाठी अमुक फाइल पाहा' असं असतं, तेही बघा. मेंटेनर्स फाइल, म्हणजे कुठला भाग कोण सांभाळतं त्याची यादी, लोक हमखास विसरतात! फाइलच्या नावाने अख्ख्या सोर्स ट्रीमध्ये 'गिट ग्रेप' मारा, म्हणजे शोध घ्या, मग 'मेक रेफचेकडॉक्स' चालवा. तुटलेले संदर्भ ते दाखवतं.

सगळं एकाच पॅचमध्ये (पाठवायच्या बदलात) घ्या. कमिट (गिटमध्ये नोंदलेला बदल) मेसेजमध्ये ड्रायव्हर कुठल्या कमिटने काढला त्याचा हॅश (ओळख क्रमांक) आणि शीर्षक द्या, म्हणजे तपासणाऱ्याला शोधाशोध नको. 'पुढेमागे लागेल' म्हणून जपून ठेवायची गरज नाही, गिटच्या इतिहासात ती फाइल आहेच.