घरी मारहाण होते का, असं डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगावं का?

हो, सांगा. अंगावरचे जुने-नवे वळ, न थांबणारी डोकेदुखी, गरोदरपणातली इजा दिसली की डॉक्टर-नर्सनी हे विचारायलाच हवं. मात्र एकटीला, नवरा-सासूला बाहेर थांबवून. त्यांच्यासमोर विचारलं तर तेव्हा गप्प राहा, नंतर नर्सला गाठा. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारूच नये; दोष तुमचा नाही.

इजा कशी झाली, कुणी केली हे केसपेपरवर लिहायला सांगा, कोर्टात ते फार उपयोगी पडतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार मागितल्यावर उपचार द्यावेच लागतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र आहे, तिथे समुपदेशन मिळतं. इतरत्र १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा.