चोरतो, पळवतो की हिसकावतो? गेममधल्या त्या पक्ष्याला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न विचारणारा सिडकोतला कॉलेजचा मुलगा आहे, झेल्डा या व्हिडिओ गेमच्या मालिकेतले गेम खेळत खेळत मराठीत कॉमेंट्री करतो. त्याचं म्हणणं असं की माजोराज मास्कमध्ये टाक्कुरी नावाचा पक्षी येऊन सामान घेऊन जातो, त्याला 'चोरटा पक्षी' म्हटलं तर बरोबर आहे का, आणि क्रियापद कुठलं लावायचं, कारण कधी चोरतो येतं तोंडात, कधी पळवतो, कधी लंपास करतो, आणि बघणारे दर वेळी वेगळी दुरुस्ती सुचवतात.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. माजोराज मास्क हा झेल्डा मालिकेतला, २००० सालचा, निन्टेन्डो ६४ या गेमयंत्रावरचा गेम. त्यात टर्मिना फील्ड नावाचं मोठं मोकळं माळरान आहे आणि तिथून मिल्क रोडकडे जायच्या वाटेवर हा पक्षी घिरट्या घालत असतो. जवळ गेलात की खाली येऊन धडकतो आणि जे मिळेल ते घेऊन जातो, कधी रुपी म्हणजे तिथले पैसे, कधी बाटली, नशीब वाईट असेल तर तलवारसुद्धा. मग ती वस्तू वेस्ट क्लॉक टाऊनमधल्या क्युरिऑसिटी शॉपमध्ये विकायला येते, ते दुकान रात्री दहाला उघडतं आणि आपलीच तलवार आपल्याच पैशाने परत विकत घ्यावी लागते. उलट तुम्ही त्याला पाडलं तर २०० रुपीचा सोनेरी रुपी मिळतो, म्हणून जुने खेळणारे मुद्दाम त्याच्या वाटेला जातात.

आता शब्द, आणि हे थेट त्या मुलालाच. माझं मत सरळ सांगतो, 'चोरटा' इथे बसत नाही आणि 'चोरतो'सुद्धा फिकं पडतं. मराठीत चोरण्याचा गाभा लपण्यात आहे. अंग चोरून बसणं, नजर चोरणं, कामचोर, यात कुठे काही वस्तू उचललेलीच नाही, फक्त लपवालपवी आहे. चोरटा तर आणखीच तसा, चोरटा कटाक्ष, चोरट्या पावलांनी येणं, वाळूची चोरटी वाहतूक, क्रिकेटमधली चोरटी धाव, सगळीकडे कुणाच्या लक्षात यायच्या आत गुपचूप काहीतरी उरकणं. पेपरात 'अज्ञात चोरट्यांनी' असं येतं ते नाम म्हणून ठीक आहे, पण पक्ष्याच्या आधी विशेषण म्हणून लावलंस की ऐकणाऱ्याला वाटणार हा झाडीत दबा धरून बसणारा पक्षी आहे. टाक्कुरी तसा नाहीच, तो उघड्या माळावर तुझ्या डोळ्यादेखत येतो, तुला दिसतोय, तू धनुष्य काढतोयस, तेवढ्यात घेऊन जातो. लंपास करणं, लांबवणं हेही त्याच कारणाने नको, ते शब्द आपण चोरी झाल्यावर मागाहून कळतं तेव्हा वापरतो, सकाळी उठून बघितलं तर पार्किंगमधली गाडी लंपास. आणि ढापणं म्हणजे मित्राचं पेन ढापणं, त्यात ओळख लागते, आपलेपणा लागतो, या पक्ष्याशी आपलं तसं काही नातं नाही.

याला नेमकं क्रियापद हिसकावणं. हिसका म्हणजे झटका, ओढ. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला ती जाताना जाणवते, तो विरोध करतो आणि तरी जाते, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे. आणि मजा म्हणजे जपानीत रस्त्यावर पर्स ओढून पळण्याला हित्ताकुरी असाच शब्द आहे, टाक्कुरी या नावात तो स्पष्ट ऐकू येतो, म्हणजे गेम करणाऱ्यांच्याही डोक्यात लपून केलेली चोरी नव्हती, हिसकावणीच होती. त्याच गेममध्ये साकोन नावाचा माणूस पहिल्या दिवशी मध्यरात्री एका म्हातारीची बॉम्बची पिशवी घेऊन पळतो आणि तो मालसुद्धा त्याच दुकानात जातो. दोघांनाही हिसकावणं लागू पडतं. आपल्या नाशिकच्या पेपरात गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघालेल्या बाईंचं मंगळसूत्र गेल्याची बातमी येते ना, त्यात नुसतं 'चोरलं'पेक्षा ओरबाडलं, खेचलं, हिसकावलं असंच जास्त लिहितात आणि पुढे हमखास पोबारा. हा पोबारा तर मुळात सोंगट्यांच्या खेळातलं दान आहे, तेव्हा गेमच्या कॉमेंट्रीत वापरायला अगदी हक्काचा शब्द, बिनधास्त वापर.

वरून खाली येण्यासाठी झडप. इथे एक चूक फार ऐकू येते म्हणून थांबून सांगतो, झेप आणि झडप एक नाहीत. झेप घेतात, झडप घालतात. झेप वर जाणारी किंवा पुढे जाणारी, कौतुकाची, गरुडझेप आपण दहावीच्या निकालाला म्हणतो. झडप कुणावर तरी पडते, तिला समोर बळी लागतो. टाक्कुरी झडप घालतो, आणि बाटली घेऊन वर जातो तेव्हा फार तर भरारी म्हण, पण 'माझ्यावर झेप घातली' नको.

पळवणं मात्र मी चुकीचं म्हणणार नाही. कावळ्याने पोळी पळवली, घारीने पिल्लू पळवलं, पक्ष्यांबाबत घरात हेच बोललं जातं आणि ते चांगलं आहे. फरक एवढाच की पळवण्यात जोर घेऊन जाण्यावर आहे, हिसकावण्यात हातातून सुटण्यावर. त्यामुळे धडक बसली त्या क्षणी 'हिसकावली', आणि तो लांब उडत चाललाय तेव्हा 'पळवली रे', असं दोन्ही एका वाक्यात पण येऊ शकतं.

यात वस्तू कोणाची आणि देणाऱ्याची इच्छा काय हेही धरलेलं असतं बरं का. रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवतात तिथेही कावळा येऊन भात घेऊनच जातो, पण तिथे नेला, पळवला असं काही नाही, कावळा शिवला म्हणतात, आणि नाही आला तर माणसं हात जोडून त्याची वाट बघत उभी राहतात. पक्षी तोच, घेऊन जाणंही तेच, मागे राहणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर क्रियापद बदललं. म्हणून कॉमेंट्रीत क्रियापद निवडताना पक्ष्याकडे बघण्याआधी ज्याचं गेलं त्याच्याकडे बघ. झेल्डातच लाईक लाईक म्हणून एक गोळा आहे, १९८६ च्या पहिल्या गेमपासून, तो ढाल खातो. ढाल तिथेही जातेच, पण त्याला चोर कोण म्हणेल, तो गिळतो.

नाव म्हणून काय ठेवू असंही विचारलंयस. टाक्कुरीच ठेव, विशेषनाम आहे. टोपणनाव हवंच असेल तर 'झडप्या' छान वाटतं. पण दोन शब्द कृपा करून टाळ, उचल्या आणि भामटा. सहज सुचतात, बोलीत सर्रास आहेत, पण ही नावं माणसांच्या अख्ख्या समाजांना चिकटवलेली आहेत, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला पण शिव्या राहिल्या. एका काल्पनिक पक्ष्यासाठी त्या पुन्हा चालू ठेवायचं कारण नाही, आपल्याकडे दुसरे शब्द भरपूर आहेत.

लिंगाचं म्हणशील तर टाक्कुरी ईकारान्त असल्याने तोंडात 'ती' येतं, घार आली तशी टाक्कुरी आली. तेही चालेल, पण हत्ती, पक्षी हे ईकारान्त असून पुल्लिंगी आहेतच, मी 'तो' म्हणतो. एक काहीतरी धर आणि पूर्ण व्हिडिओभर तेच ठेव, मध्येच तो मध्येच ती झालं की ऐकणाऱ्याला दोन पक्षी वाटतात.

शेवटी एक, तू पुढे सुपर मारिओ ६४ करणार आहेस म्हणून. १९९६ चा तो गेम, त्यात शिफ्टिंग सँड लँडच्या वाळवंटात क्लेप्टो नावाचा कॉन्डॉर, म्हणजे गिधाडासारखा मोठा पक्षी, मारिओची टोपी काढून घेतो आणि ती परत मिळेपर्यंत मारिओला मार जास्त लागतो. तिथे 'क्लेप्टोने मारिओची टोपी उडवली' असं चुकूनही म्हणू नकोस, त्याचा अर्थ खिल्ली उडवली असा होतो, आणि 'टोपी घातली' म्हटलंस तर फसवलं असा. टोपी हिसकावली, टोपी पळवली, एवढंच.