कडेकडून शिवावी की मधून? मोठी गोधडी घरी पुरी करताना

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. मुलींचे जुने फ्रॉक, यजमानांचे सदरे आणि घरातल्या सुती साड्या यांचे चौकोन कापून मी ते मशीनवर जोडले आहेत. शिवल्यावर प्रत्येक चौकोन ६ इंचांचा झाला. आडवे १४ आणि उभे १६ असे २२४ चौकोन बसले, म्हणजे वरचा थर ८४ इंच रुंद आणि ९६ इंच लांब आहे. गेली दोन वर्षे तो ट्रंकेत पडून आहे. आतल्या थरांसाठी आणि अस्तरासाठी आजेसासूबाईंची दोन सुती नऊवारी लुगडी ठेवली आहेत. सासूबाई म्हणतात की गोधडी कडेकडून आत शिवत आणावी. शिवणकाम शिकवणाऱ्या शेजारच्या ताई म्हणतात की मधून बाहेर जावे. मी कडेकडून सुरुवात केली, तर चार फेऱ्यांतच मध्ये फुगवटा आला आणि सगळे उसवावे लागले. आमच्या शेतातला कापूस आत घातला तर चालेल का? लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येईल, तेव्हा गोधडी तिच्याबरोबर देता यावी, अशी इच्छा आहे.

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाईही बरोबर आहेत आणि शेजारच्या ताईही. दोघी वेगवेगळ्या गोधड्यांविषयी बोलत आहेत, एवढेच. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत वरचा थर आधी जोडून ठेवलेला नसे. खाली लुगडे अंथरायचे, त्यावर जुनी धोतरे आणि पातळे पसरायची, आणि कडेपासून फेऱ्या घालत जाताना लागेल तसा एकेक तुकडा वर ठेवून धावदोऱ्याने पक्का करायचा, अशी ती रीत होती. शिवताना कापड थोडे पुढे सरकतेच. पण तुकडे अजून मोकळे असल्यामुळे ती सरकलेली ढिलाई पुढच्या तुकड्याखाली दडपून टाकता येत असे, आणि मध्यापर्यंत पोहोचेपर्यंत गोधडी सपाट राहत असे. तुमचा वरचा थर मात्र मशीनवर आधीच एकसंध झाला आहे. कडेकडून शिवत गेलात की चारही बाजूंची ढिलाई मध्ये गोळा होते आणि तिला जायला वाटच उरत नाही. तुमचा फुगवटा त्यातून आला. त्यात तुमच्या हाताचा दोष नव्हता. या गोधडीपुरते मधूनच शिवावे. एरंडोलकडच्या आमच्या आजीजवळ मी कडेची रीत शिकले आणि ती मला आजही अधिक सुंदर वाटते, तरीही हा सल्ला मी पूर्ण खात्रीने देते.

आता लुगड्यांचा हिशोब पाहू. ९ वारांच्या लुगड्याचे ३ वारांचे, म्हणजे १०८ इंचांचे, तीन तुकडे होतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच धरला, तर दोन तुकडे लांबीत जोडून ८९ इंच रुंद आणि १०८ इंच लांब अशी एक चादर तयार होते. दोन लुगड्यांचे सहा तुकडे, म्हणजे अशा तीन चादरी: एक अस्तराला आणि दोन आत. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी किमान २ इंच मोठे हवे, आणि तेवढे ते येथे मिळते. मात्र कापण्यापूर्वी लुगडे उजेडात धरून पाहा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणा. जेथे कापड विरलेले दिसेल, तेथे आतून जुन्या धोतराचे ठिगळ लावा. तिन्ही चादरींचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर मधोमध एक जाड कणा तयार होईल. आतल्या एका चादरीत एक तुकडा अखंड मध्ये ठेवून दुसरा लांबीत अर्धा चिरावा आणि त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंना जोडावेत, म्हणजे तिचे जोड मध्यापासून दूर जातात.

सगळे कापड आधी धुतलेले असले पाहिजे. नवे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, आणि आटलेल्या व न आटलेल्या कापडांचे थर एकत्र शिवले, तर पहिल्या धुण्यातच सुरकुत्या पडतात. गडद लाल किंवा निळे तुकडे असतील, तर पांढऱ्या चिंधीबरोबर कोमट पाण्यात तासभर भिजवून पाहा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. परंतु मीठ उपयोगी पडते ते कापड रंगवताना. एकदा सुटू लागलेला रंग मिठाने थांबत नाही, त्यासाठी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे हाच उपाय आहे.

शेतातल्या कापसाचा मोह मी समजू शकते. आपल्या खानदेशात घरात कापूस असताना तो घालू नका, असे सांगणे जड जाते; पण सरकी काढून पिंजलेला मोकळा कापूस थोड्या टाक्यांनी जागेवर राहत नाही. तो गोळा होतो, आणि एकदा भिजला की त्याचे गठ्ठे बनतात. म्हणूनच रजई उघडून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. गोधडी धुण्यासाठी असते. तुमचे चार थर थंडीला पुरेसे आहेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायलाही चालतील.

थर लावण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक गोधड्या येथेच बिघडतात. पलंग हलवून फरशी मोकळी करा. घरात जागा नसेल, तर गावातल्या देवळाचा सभामंडप किंवा कोणाची तरी मोठी ओसरी दुपारभर मागून घ्या. अस्तर उलटे अंथरून चारही बाजूंना धान्याचे डबे ठेवा. कापड ताठ दिसले पाहिजे, ताणलेले नको. कारण ताणलेले अस्तर डबे काढताच आखडते आणि वरचा थर चुरगळतो. त्यावर आतल्या दोन्ही चादरी आणि शेवटी चौकोनांचा थर, प्रत्येक थर मध्यापासून बाहेर तळहाताने सारवत बसवा. मग कच्चे टाके घाला. मध्यबिंदूपासून चारही दिशांना, दर ६ इंचांवर, दोन-दोन इंचांचे लांब टाके पांढऱ्या दोऱ्याने घ्यावेत. गडद दोरा काढल्यावरही त्याचा रंग मागे राहू शकतो. या कामाला दोघी बसल्या, तरी अख्खी दुपार जाते. ती जाऊ द्या. येथे घाईने वाचवलेला एक तास पुढे आठवडाभर उसवायला लावतो.

शिवण उभ्या रेषांत घ्यावी, असे मी सुचवते. तुमचे चौकोन ६ इंचांचे असल्यामुळे जोडापासून १ इंच, ३ इंच आणि ५ इंच अंतरावर रेषा घेतल्या, तर सर्व रेषा २ इंचांवर येतात आणि एकही रेषा उभ्या जोडाच्या जाडीवर पडत नाही. आडवे जोड मात्र ओलांडावे लागतील. तेथे टाके एकत्र न भरता सुई एकेकदा खाली-वर काढावी. अशा ४२ रेषा होतात, म्हणजे एकूण ३३६ फूट शिवण. नव्या हाताला तासाला ८ फूट झाले तरी पुष्कळ, तेव्हा ४२ तास धरा. रोज एक तास बसलात, तर सहा आठवडे. संक्रांतीनंतर सुरुवात केली, तरी आखाजीपूर्वी हाती वेळ राहील. पहिली रेषा मधल्या जोडाच्या उजवीकडे, दुसरी डावीकडे, अशा रीतीने दोन्ही बाजूंना आळीपाळीने जा, आणि एका रेषेला वरून सुरुवात केली असेल, तर शेजारच्या रेषेला खालून करा. म्हणजे कापड एकाच दिशेला ओढले जाणार नाही. सासूबाईंना सोबत घ्यायचे असेल, तर त्या डाव्या बाजूला आणि तुम्ही उजव्या बाजूला बसा. त्यांचा टाका तुमच्यापेक्षा बारीक असेल. तो तसाच राहू द्यावा, असे माझे मत आहे.

सुई आखूड आणि भक्कम घ्या. चार थरांतून लांब सुई वाकते. दोरा सुती, दुपदरी आणि मेणावरून ओढलेला असावा. एका वेळी हातभर लांबीपेक्षा जास्त घेऊ नये, कारण लांब दोरा पीळ सुटून झिजतो. असा दुपदरी दोरा एकंदर अडीचशे ते तीनशे मीटर लागेल. गाठ हलकासा झटका देऊन थरांच्या आत ओढून घ्यावी. टाके इंचाला चार आले तरी चालतील, पण एकसारखे हवेत. मधल्या बोटात अंगुस्ताना घालण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. घरच्या मशीनवर एवढी मोठी गोधडी शिवण्याच्या फंदात पडू नये. गुंडाळी मशीनच्या हाताखालून जात नाही आणि वरचा थर मागे राहतो.

प्रश्न : शहाद्याहून एका भगिनीने विचारले आहे की, गोधडी सपाट शिवली गेली, पण गोट (कडेची पट्टी) लावल्यावर कडा लाटांसारख्या वर-खाली झाल्या. असे का व्हावे?

उत्तर : तुम्ही गोटाची पट्टी बहुधा कडेवरून मोजली असावी. शिवताना आणि हाताळताना कड ताणली जाते, आणि तिच्यावरून मोजलेली पट्टी ती ताण कायम करून टाकते. गोधडीची रुंदी आणि लांबी मध्यावरून मोजा. त्या मापाची पट्टी घ्या, कडेपासून पाव इंचावर एक धावदोरा घालून कड किंचित आवरून घ्या, आणि मगच गोट लावा. वरच्या ८४ आणि ९६ इंचांच्या गोधडीची परिमिती ३६० इंच आहे. जोड आणि कोपरे धरून, ४५ इंच पन्ह्याच्या पाऊण वार कापडातून अडीच इंच रुंदीच्या नऊ पट्ट्या काढल्या, तर त्या पुरतात. सरळ कडांना सरळ कापडच योग्य असते. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गोल कोपऱ्यांसाठी राखून ठेवा. जुन्या लुगड्याचा काठ मजबूत असेल, तर त्याचाच गोट करावा. त्याइतका शोभणारा गोट मी दुसरा पाहिलेला नाही. लावलेला गोट आता उसवावा लागेल. एक बाजू उसवून तेवढीच पुन्हा मोजून लावून पाहा. लाट गेली, तर उरलेल्या तीन बाजू घ्या. वाळवताना गोधडी एका दोरीवर लोंबकळत ठेवू नका, कारण ओल्या कापडाचे वजन कडेवरच येते. दोन समांतर दोऱ्यांवर आडवी पसरावी, आणि आपल्याकडच्या कडक उन्हात अस्तराची बाजू वर ठेवावी.